दोन वाटांचा वाडा

पाडव्याची मेंढरं ओवाळून झाली आणि तिप्पण्णाने अखेर तोंड उघडलं. सकाळपासून तो पोटात गोष्ट घेऊन हिंडत होता. नव्या पेठेत घोंगड्यांचं दुकान चालवणारा माणूस, गिऱ्हाइकापुढे चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायचा नाही. पण घरच्यांपासून काही लपवायचं म्हटलं की त्याचे कान लाल व्हायचे, आणि आज ते पहाटेपासून लाल होते.

"दादा, कारखान्याचं काम आपल्याला मिळालं की!"

मायाप्पाने हातातलं ओवाळणीचं ताट बायकोकडे, अंबुबाईकडे दिलं. तिघा भावांतला तो थोरला. मधला कल्लप्पा जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि धाकटा तिप्पण्णा शहरात राहून धोतर नेसण्याची रीतही विसरत चालला आहे, असं मायाप्पाचं मत होतं. आज मात्र तो धाकट्याकडे कौतुकाने बघत राहिला.

"त्यो श्रीपूरकडचा साखरेचा कारखाना?"

"व्हय. पुढच्या दसऱ्याला चालू होनार. राखणदार, गाडीवान, ऊसतोडे, समद्यांना एकेक काळं घोंगडं द्यायचं ठरलंय. सायबानं गिरणीची ब्लँकेटं बघितली हुती आदी. मग आपलं घोंगडं पसरलं आन् त्याच्यावर तांब्याभर पाणी वतलं. खाली हात लावून बघितला, तर कोरडं! म्हनला, हेच पायजे."

"आपल्याच मेंढराचं हाय म्हणावं," अंबुबाई म्हणाली आणि नवऱ्याकडे असं पाहिलं, की जणू ते घोंगडं तिने स्वतः विणलं होतं.

"पर एक हाय," तिप्पण्णाने आवाज खाली आणला. "दसऱ्याच्या आत समदा माल पोचला पायजे. न्हाय पोचला, तर गिरणीचा माल घेतील आन् पुना आपल्या दुकानाची पायरी चढनार न्हाईत."

मंगळवेढ्याच्या रस्त्याला, सोलापूरच्या वेशीबाहेर, काढणी झालेल्या रानात वाडा उतरला होता. धनगराच्या वाड्याला भिंती नसतात. मेंढरं, घोडी, कुत्री, बायकापोरं आणि या सगळ्यांत मिळून एक चूल, हे जिथे उतरेल तिथे वाडा. दिवाळी झाली की हा वाडा कोकणाची वाट धरायचा आणि ज्येष्ठात परतायचा. परतल्यावर जी लोकर कातरली जायची, ती शहरातल्या मागांवर जायची. कारखान्याची घोंगडी व्हायची ती त्याच लोकरीची.

मायाप्पा बिरोबापुढच्या भंडाऱ्याकडे वळला. हळदीची ती चिमूट उचलून शब्द दिला की दिला. या घराने उचललेला भंडारा आजवर खाली पडला नव्हता, आणि मायाप्पा एरवी कमी बोलणारा असला तरी ही एक गोष्ट बाजारात चार लोकांत सांगायला त्याला फार आवडायचं.

"दादा, जरा थांबा."

गोजाबाईने पदर कपाळापर्यंत ओढला होता, पण आवाज ओढून घेतला नव्हता. कल्लप्पाची ही बायको. सोलापुरात माग घालायचं वेड कल्लप्पाचं. तो गेल्यावर ते माग कायमचे बंद पडतील असं भावकीने धरलंच होतं. गोजाबाईने ते पडू दिले नाहीत. लोकर निवडणं, घरोघरच्या बायकांना कातायला देणं, विणलेल्या घोंगड्याला चिंचोक्याची खळ लावणं, सगळं तिच्या हाताखालून जायचं. नव्या पेठेत लोक घोंगडं उलटं करून बघायचे आणि म्हणायचे, गोजाबाईचं आहे का? तिला हे ठाऊक होतं, आणि ते ऐकून तिची मान ताठ व्हायची. व्हायलाच हवी होती.

"शब्द द्यायच्या आदी एक ईचारते. लोकर आलीच न्हाय तर?"

अंबुबाईच्या हातातलं ताट वाजलं. "सणासुदीचं काय गं बोलतीस, गोजा? देवाम्होरं?"

"तोंडातनं काढलं की घडतं," मायाप्पा म्हणाला. तो चिडला नव्हता, खरंच घाबरला होता. लांडगा दिसला तर काठी घेऊन धावणारा हा माणूस, पण अभद्र शब्द ऐकला की कानांवर हात ठेवायचा.

"दादा, आभाळ आलं की आपन घोंगडं खांद्यावर टाकतो. म्हणून काय पाऊस आपन बोलावला व्हय?"

मायाप्पाचा मुलगा धुळा फस्सकन हसला आणि आईचे डोळे बघून लगेच गप्प झाला. तिशीचा बाप्या, दोन लेकरांचा बाप, पण अंबुबाईचे डोळे अजून त्याला पुरत होते.

गोजाबाईने ती संधी सोडली नाही. "भावजी, दुकान तुमी बघता. तुमाला कशाचं भ्या वाटतं, ते सांगा. येकदा बोलून टाका."

तिप्पण्णाने दादाकडे पाहिलं. मग तो चाचरत म्हणाला, "विणकरांचं. गिरणीत नवी पाळी निघाली की आपली मानसं उठून जात्यात. गेल्या साली ऐन थंडीत दोन माग मोकळं पडलं की."

"मग माग आपल्या अंगणात कशाला ठिवायचं? त्यांच्याच घरात नेऊन मांडू. गडी गिरणीत गेला तर त्याचा भाऊ बसंल, बायकू बसंल. माग चालला म्हंजे झालं."

तिप्पण्णाला हे पटलं, आणि पटल्याबरोबर दुसरी भीती आठवली: लोकर काळीभोरच हवी म्हणतात, करडी मिसळली तर परत पाठवतील. त्यावर गोजाबाई म्हणाली की निवडायला ती स्वतः बसेल, आणि करडी लोकर बाजारात विकायला मोकळी आहेच. कामाचं बोलणं निघालं की या घरातलं कुणीच फार वेळ गप्प राहत नसे. अंबुबाईलाही राहवलं नाही.

"आन् खळ गं?" ती फणकाऱ्याने म्हणाली. "ज्येष्ठात लोकर येनार, कातून विणून हुईपत्तूर श्रावण. श्रावणात खळ लावशील तर वाळवशील कुटं? कुजून वास मारंल घोंगड्याला. सायेब नाक धरंल."

"आक्का, ह्येच पायजे हुतं मला!" गोजाबाई इतकी मनापासून म्हणाली की अंबुबाईचा फणकारा जागच्या जागी विरला. "श्रावणात नुसतं विणायचं, खळ भादव्याच्या उन्हात लावायची. पर चिंचोकं आत्तापास्नं सांगून ठिवाय पायजेत. तुमच्या म्हायेरला चिंचा लई. आन् येका गावावर बसायचं न्हाय, दोन गावात सांगायचं."

"माझ्या भावाला सांगितलं की झालं. त्यो न्हाय म्हनायचा न्हाय," अंबुबाई म्हणाली, आणि आपण अभद्र बोलण्यात सामील झालो हे तिच्या लक्षातही आलं नाही.

मायाप्पा एवढा वेळ भंडाऱ्याच्या वाटीवर हात ठेवून बसला होता. आता तो घसा साफ करून म्हणाला, "बेगमपुराला भीमा आडवी येती. मिरगाच्या आदीच पाणी आलं, तर मेंढरं पलीकडं अडकून बसतील. बसली हायती आदी." मग तोच पुढे म्हणाला, "मेंढरांची वाट बघायची न्हाय. पलीकडंच कातरायचं, पोती भरायची, नावंतनं अलीकडं पाठवायची. नाववाल्याला आत्ताच बोलून ठिवतो."

गोजाबाईला वाटलं, आत्ता कल्लप्पा असायला हवा होता. ज्या माणसापुढे नदीचं नाव घ्यायची चोरी होती, तो आपण होऊन नदीची तोड काढत बसला होता. तिला सासरच्या या माणसांचा अभिमान वाटला, अगदी डोळ्यांत पाणी येईल इतका. म्हणूनच पुढचं बोलणं जड होतं.

"ऱ्हायली लोकर," ती म्हणाली.

"लोकरीचंच तर चाललंय की."

"न्हाय दादा. हे समदं लोकर कातरल्यावरचं झालं. मेंढराच्या अंगावर लोकरच ऱ्हायली न्हाय तर? देवीच्या साली काय झालं?"

त्या वर्षाचं नाव या वाड्यात कुणी काढत नसे. मेंढरांना देवी आली, एका मेंढराची दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. सगळी मेंढरं एकाच वाघरीत, एकाच जाळ्याच्या कुंपणात, अंगाला अंग लावून बसलेली. वाचली ती नुसती हाडं, अंगावर लोकर उरली नाही. त्या वर्षी मागांवर अर्धी विणलेली घोंगडी तशीच राहिली आणि तिप्पण्णा रिकाम्या दुकानात मान खाली घालून बसायचा. विणकर गिरणीत गेले ते परत आणायला गोजाबाईला दोन वर्षं लागली. दारोदार हिंडून तिने एकेक हात परत मागून आणला होता. आणि त्याच पावसाळ्यात कल्लप्पा तापाने गेला.

"देवाचा कोप हुता त्यो," मायाप्पा म्हणाला.

"असंल. पर कोप झाला तवा समदी मेंढरं येका जागी हुती, हे तर आपलंच करनं हुतं ना? दादा, अवंदा वाडा दोन वाटांनी जाऊ द्या. अर्दी मेंढरं कोकणाकडं, अर्दी अक्कलकोटावरनं मोगलाईत. येका वाटंवर काय बी झालं, तरी दुसऱ्या वाटंवरची लोकर घरी येईल. तेवढ्या लोकरीत बी सायबाचं काम भागतंय, मी अंदाज घेतलाय."

अंबुबाईने हातातलं ताट खाली ठेवलं.

वाडा दोन ठिकाणी उतरतो तो भाऊ वेगळे झाले की. त्याखेरीज नाही. अख्ख्या माणदेशात कुठल्याही धनगराला विचारा, तो हेच सांगेल. चुली दोन झाल्या की पहिल्या बाजारात लोक विचारतात, दुसऱ्या बाजारात कारण सांगतात, आणि तिसऱ्या बाजारापर्यंत कारणाला सुनेचं नाव चिकटलेलं असतं. या तिघा भावांची एक चूल पंचक्रोशीत दाखवायची गोष्ट होती. कल्लप्पा मेल्यावरही ती फुटली नाही, म्हणून लोक मायाप्पाला वाकून राम राम घालायचे.

अंबुबाई उठून उभी राहिली.

"आत्ता कळलं. येवडा येळ भ्या घालून घालून हितं आनायचं हुतं व्हय? नवऱ्याचा वाटा पायजे, तर तसं सरळ माग की गं बाई! कारखान्याच्या आडनं कशाला?"

"आक्का—"

"काकी बरूबर बोलतिया, आई," धुळा मध्येच म्हणाला. "मोगलाईत चारा बी लई हाय. मी घेऊन जातो निम्मी."

त्याने चांगल्या मनाने म्हटलं, आणि सगळा विचका केला. अंबुबाईने गोजाबाईकडे असं पाहिलं, की जणू आता फक्त वाटाच नव्हे, पोटचा पोरगाही चोरीला गेला होता. "बघा! पोरगं बी फितवलंय!" गोजाबाईने तिप्पण्णाकडे पाहिलं. मघाशी वैनी म्हणेल त्याला मान डोलावणारा तिप्पण्णा आता धोतराच्या निऱ्या बघत होता. त्याच्या कानांचा रंगसुद्धा उतरला होता.

गोजाबाईला ते लागलं. फार लागलं. तीन वर्षांत तिने या घरात कधी माझं म्हणून शब्द काढला नव्हता. आता गप्प बसावं, म्हणावं की चुकलं माझं, दादा उचला भंडारा. मग ती पुन्हा चांगली सून होईल, आणि घराचा शब्द पुन्हा एकाच वाघरीच्या नशिबावर टांगलेला राहील. कल्लप्पाचे माग पुन्हा एकदा बंद पडले तर या खेपेला ते उभे करायला तिच्यात बळ नव्हतं. हे तिला स्वच्छ दिसलं, आणि ती उठली. पदर मागे गेला तो तिने पुन्हा ओढला नाही.

"आक्का, वाटा पायजे असता तर म्या म्हनले असते, माझ्या मालकाची मेंढरं बाजूला काढा. म्हनले का? मी म्हनते, मिसळा. दादांची निम्मी ह्या वाटंला, निम्मी त्या वाटंला. भावजींची तशीच. माझ्या मालकाची बी तशीच. हरेक कळपात तिगांच्या कानाच्या खुणा असतील. कुनी येऊन बघू दे आन् सांगू दे, ह्यो वाडा कुठल्या भावाचा!" तिने मेंढरांकडे बोट केलं. "येका वाटंवर मेली तर तिगांची बी मरतील. जगली ती बी तिगांचीच जगतील. वाटणी अशी असती व्हय, आक्का? वाटणी झाल्यावर येकाचं मेलं तर दुसऱ्याला घोर नसतो. मी तर समद्यांच्या जिवाला घोर लावाय निगालेय."

अंबुबाई पुन्हा खाली बसली.

मायाप्पा उठला. तो मेंढरांत शिरला. एक मेंढी धरून त्याने कान बघितला. कल्लप्पाची खूण होती. तिला त्याने डावीकडे ढकललं. दुसरी आपली स्वतःची होती, तीही डावीकडे. तिसरी कल्लप्पाची, ती उजवीकडे. सगळे त्याच्याकडे बघत उभे होते. आठ-दहा मेंढरं अशी इकडे तिकडे झाल्यावर तो कमरेवर हात ठेवून थांबला आणि डावीकडची मेंढरं निरखू लागला.

"कुनाचीच न्हाईत," तो म्हणाला. मग स्वतःशीच मान हलवली. "समद्यांची हायती. धुळा, दुसरी वाघर आन."

धुळा उडी मारूनच निघाला.

"आन् ऐक. कोकणाच्या वाटंला तू जायचं. तुज्या पायाला ती वाट ठावं हाय. मोगलाईत मी जानार."

"दादा!" तिप्पण्णाला आता कंठ फुटला. "ह्या वयात नवी वाट?"

"नव्या वाटंला थोरल्यानं जायचं असतं. चुकली तर माझी चुकंल." धुळाचा चेहरा पडला होता, मोगलाई बघायची त्याला केवढी हौस. बापाने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. "अंबू, तू धुळाबरूबर. सून लेकुरवाळी हाय, तिला हाताशी कोन तरी पायजे."

लग्न होऊन आल्यापासून अंबुबाई नवऱ्याच्या चुलीपासून दूर राहिली नव्हती. ती ताट घेऊन पालाकडे गेली आणि भांडी आपटण्याचा आवाज येऊ लागला. मायाप्पाने मग भंडारा उचलला. कपाळाला लावला, तिप्पण्णाला लावला, धुळाला लावला, आणि बिरोबाच्या नावाने दसऱ्याचा शब्द दिला. त्याचा आवाज रानभर गेला. गोजाबाईला वाटलं, एवढ्या ठाम आवाजात दादांनी शब्द दिलेला तिने कधी ऐकला नव्हता. भीती बोलून झाल्यावर माणूस असाच बोलत असावा.

दुपारपर्यंत निवड चालली. तिप्पण्णाने कोट काढून ठेवला आणि मेंढरं धरली, दोनदा पडला, आणि धुळाने त्याला मनसोक्त हसून घेतलं. दोन वाघरी उभ्या राहिल्या. मधे वीसेक हात मोकळी जागा पडली, आणि गोजाबाईने त्या जागेकडे पाठ फिरवली. आपणच मागितलेली गोष्ट होती, तरी तिकडे बघवेना. अंबुबाईने एकटीने तीन दगड आणून दुसरी चूल मांडली होती. तिने कुणाला हात लावू दिला नाही. अर्धी भांडी तिने या चुलीशी लावली, अर्धी त्या चुलीशी, आणि परात कुणाकडे ठेवायची हे न ठरल्याने ती हातातच धरून बसली.

दुपार कलली तसे रानाचे मालक मानसिंगराव घोडीवरून आले. आपल्या रानात मेंढरं बसली की खत होतं, म्हणून ते दर पाडव्याला मायाप्पाला पानसुपारी द्यायला यायचे. त्यांनी दोन वाघरी बघितल्या, दोन चुली बघितल्या, आणि घोडी तिथेच थांबवली. मग ज्या आवाजात माणूस कुणाच्या मरणाची चौकशी करतो त्या आवाजात म्हणाले,

"काय रं मायाप्पा? भाऊभाऊ वेगळं झाला व्हय?"

पहिला बाजार अजून आलाही नव्हता. मायाप्पाने मान खाली घातली, तिप्पण्णानेही. गोजाबाईने पदर घट्ट धरला. आता हे सगळं तिच्याच नावावर लागणार होतं, आज नाही तर उद्या.

"वेगळं कशानं हुत्यात?"

अंबुबाई परात घेऊन उठली होती. हात कोपरापर्यंत काळे, पदराला राख. ती मानसिंगरावांच्या घोडीसमोर जाऊन उभी राहिली, आणि शेजारच्या रानातल्या माणसांनाही ऐकू जावं अशा आवाजात म्हणाली,

"वाडा लई मोटा झालाय आमचा, मालक. येका वाटंवर मावंना, म्हणून दोन वाटा धरल्यात. आन् जरा पुडल्या दसऱ्याला कारखान्यावर जाऊन बघा, समदी मानसं कुनाची घोंगडी पांगरून उबी ऱ्हात्यात ती!"

मानसिंगराव बघतच राहिले. मायाप्पाची मान हळूहळू वर आली. अंबुबाई मागे वळली, तिने परात गोजाबाईच्या हातात दिली आणि नेहमीच्याच खरखरीत आवाजात म्हणाली,

"बघतीस काय गं नुसती? त्या दुसऱ्या चुलीत जाळ घाल. पैला जाळ तुज्याच हातचा पायजे."